मडक्यातला एक हरभरा

माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही, हे आधीच सांगून टाकतो. डोणगावचे हे किस्से मी इतक्या वेळा सांगितले आहेत की त्यांत घडलेलं किती आणि सांगता सांगता मी घातलेली भर किती, हे आता मला वेगळं करता येत नाही. पूर्वी चूक काढायला माणसं होती. "मास्तर, म्हैस काळी नोयती, भुरी होती," असं कोणीतरी मध्येच म्हणायचं. आता तसं म्हणणारं कोणी उरलेलं नाही. त्यामुळे किस्से वाढतच चाललेत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. नागपूरला अर्थशास्त्रात एम.ए. करून मी डोणगावच्या शाळेत शिकवायला आलो होतो. लग्न झालं नव्हतं, गावात ओळखीचं कोणी नव्हतं. शाळा सुटल्यावर करायचं काय, हा प्रश्न रोज पडायचा. त्याचं उत्तर वाचनालयात मिळालं. तिथे एक बाक, एक सतरंजी, एक दिवस शिळं वर्तमानपत्र आणि रोजचा एकच वाद: समाजवाद बरा की भांडवलशाही?

आम्ही चौघं. समाजवादाच्या बाजूनं पोस्टमास्तर, भांडवलशाहीच्या बाजूनं कापडदुकानवाले भगवानशेठ, आणि मी दोघांच्या व्याख्या दुरुस्त करणारा. चौथा नामदेव. तो वांगी-मिरचीचा मळा करायचा आणि दाराशी, चपलांजवळ बसायचा. वादात पडत नसे. एखादंच वाक्य बोलायचा, आणि मग आम्हाला पुढचं काही सुचायचं नाही.

*

एकदा भगवानशेठ घाईघाईनं आले. चेहरा उतरलेला.

"मास्तर, खरं सांगा. समाजवाद आला तं माही म्हैस सरकारजमा होईन काय?"

"म्हैस नाही होनार," पोस्टमास्तर म्हणाले, "फक्त दूध."

शेठ खरंच घाबरले. मग मी त्यांना तासभर समजावलं. स्वतःच्या वापराच्या वस्तू वेगळ्या, उत्पादनाची साधनं वेगळी. घरातली भांडीकुंडी, अंगावरचे कपडे कोणी मागत नाही. प्रश्न गिरण्यांचा, कारखान्यांचा आहे. शेठनी सगळं मन लावून ऐकलं.

"म्हंजे घरी पेलं तं म्हैस माही, अन दूध इकलं तं ते साधन?"

प्रश्न चांगला होता, आणि माझ्या पुस्तकात म्हैस नव्हती.

दाराशी बसलेला नामदेव म्हणाला, "शेठ, शेन कोन काढते?"

"गडी काढते."

"मंग तुमी काऊन चिंता करून राह्यले? चिंता त्यानं करावं."

*

पोस्टमास्तरांचा समज असा की सरकार जे चालवतं तो समाजवाद. पोस्ट म्हणजे समाजवाद, एस.टी. म्हणजे समाजवाद. त्यामुळे मेहकरहून येणारी गाडी वाटेत बंद पडली की भगवानशेठ वाचनालयात शिरतानाच म्हणायचे, "तुमचा समाजवाद पंक्चर झाला हो. लोक ढकलून राह्यले." आणि एखाद्या व्यापाऱ्याचा ट्रक नाल्यात कलंडला की पोस्टमास्तर सकाळपासून संध्याकाळची वाट पाहायचे. "शेठ, भांडवलशाही पालथी पडली म्हनतेत?"

एकदा न राहवून मी म्हटलं, "पोस्ट इंग्रजांच्याही काळात सरकारच चालवत होतं. ते काय समाजवादी होते?"

पोस्टमास्तर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझं पत्र द्यायला स्वतः शाळेत आले. मी ओशाळून काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाले, "मास्तर, राज्य कोनाचंही असो, टपाल येळेवर आलं पाह्यजे."

पत्र आईचं होतं. त्या काळात मला पत्र लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं, हे पोस्टमास्तरांइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

*

हिवाळ्यात नामदेवच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण ठरलं. कणकेचे जाड रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वाढायचं काम पोस्टमास्तरांनी घेतलं आणि जाहीर केलं, "आज समानता. प्रत्येकाले दोन रोडगे. कमी नाही, जास्त नाही."

भगवानशेठना पोटाचा त्रास होता. ते एकावरच थांबले. दुसरा पानात तसाच राहिला. नामदेव पहाटेपासून राबत होता. त्याचे दोन केव्हाच संपले, आणि तो शेठच्या पानाकडे पाहत बसला.

"मास्तर," तो मला म्हणाला, "एकाले अजीर्न अन एक उपाशी. बराबर वाटलं ना?"

सगळ्यांना सारखंच देणं म्हणजे समाजवाद नव्हे, ज्याची जशी गरज तसं त्याला, हे समजायला मला दोन वर्षं आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लागलं होतं. मी त्याला तसं सांगितलं. म्हटलं, "नामदेवभाऊ, एका मोठ्या विद्वानानं हेच लिहून ठेवलंय."

"त्यानं बी रोडगे खाल्ले असतीन," नामदेव म्हणाला, आणि शेठच्या पानातला रोडगा उचलला.

*

भगवानशेठचा सिद्धांत असा की जिथे बाजार आहे तिथे भांडवलशाही आहे. म्हणजे ती रामाच्या काळापासून आहे आणि म्हणून जाणार नाही. "हा नामदेव बाजारात वांगे इकते. हा बी माह्याच पार्टीचा."

नामदेवच्या विकण्याची रीत मला ठाऊक होती. मी वांगी घेतली की तो मूठभर मिरच्या आणि कोथिंबीर वरून टाकायचा. मी एकदा म्हटलंसुद्धा, "नामदेवभाऊ, हे अर्थशास्त्राच्या नियमात बसत नाही."

"मंग काढून घेऊ काय?"

मी एकटा आहे, स्वयंपाक येत नाही, हे त्यानं पहिल्याच बाजारात ओळखलं होतं. आठवड्यातून दोनदा तरी तो येताना फडक्यात भाकर आणि ठेचा बांधून आणायचा. माझ्या खोलीत बसून मी जेवायचो आणि तो समोर सुपारी कातरत बसायचा. आम्ही फार बोलत नव्हतो. पण त्या गावात माणूस म्हणून मला समोर कोणी बसलेलं असायचं ते तेवढंच.

आता पुण्यात राहतो. कधी दुकानात तोंडून चुकून "काऊन" निघालं की लोक हसून विचारतात, "कुठले तुम्ही?" उत्तराला थांबत नाहीत.

*

वाचनालयाच्या वर्धापनदिनी दुपारी जाहीर वाद ठरला. शेठ भांडवलशाहीकडून, मी समाजवादाकडून. हात वर करून मत घेतलं तर सगळे शेठचं तोंड पाहून मत देतील, म्हणून पोस्टमास्तरांनी युक्ती काढली. आत येणाऱ्या प्रत्येकाला दोन दाणे: एक हरभरा, एक तूर. हरभरा समाजवादाचा, तूर भांडवलशाहीची. शेवटी मूठ झाकून एक दाणा मडक्यात टाकायचा आणि दुसरा घरी न्यायचा. म्हणजे ज्याच्याकडे तूर उरली, त्यानं हरभरा टाकला. दोन्ही वक्त्यांना मत नाही.

माझं भाषण चांगलं रंगलं. निदान एका वाक्यापर्यंत.

टाळ्या पडत होत्या, आणि मला आणखी हव्या होत्या. मालक कोण आणि राबणारा कोण, हे समजावताना उदाहरण हवं होतं. समोर दाराशी नामदेव बसलेला दिसला. त्याच्या विहिरीवर नुकतंच इंजिन आलं होतं. आदल्याच दिवशी मी शाळेतून येताना पाहिलं होतं: इंजिन चालू, हा पाणी वळवतोय, आणि शेजारचे चारपाच जण त्याच्या मिरचीतलं तण निंदतायत.

मी बोट दाखवून म्हणालो, "लांब कशाला जाता? इंजिन ज्याच्या हातात, तो बसतो. बाकीचे त्याच्या वावरात राबतात. आपल्या गावचा भांडवलदार तो पाहा, चपलांजवळ बसलाय."

लोक हसले. थोडेच हसले. नामदेवनं मान खाली घातली आणि सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

मडकं उपडं केलं तेव्हा सगळी तूर निघाली. हरभरा एक.

"शाळेच्या शिपायानं चुकून टाकला असन," शेठ म्हणाले. मला वाटलं पोस्टमास्तरांनी टाकला असेल. ते म्हणाले, "मी मडकं धरून बसलो होतो हो. मले मत नोयतं."

त्या दिवसापासून नामदेव वाचनालयात आला नाही. माझ्या खोलीवरही नाही.

दोन-तीन दिवसांनी मी शाळेच्या रस्त्यानं जात होतो. नामदेव शेजाऱ्याच्या वावरात वाकून निंदत होता. त्या दिवशी त्याच्याकडे निंदणारे तेच चारपाच जण त्याच्या सोबत होते. सावड होती ती. आज तुझ्याकडे सगळे, उद्या माझ्याकडे सगळे. मजूर कोणीच नाही, मालकही कोणीच नाही. आणि इंजिनाचं पाणी त्या सगळ्यांच्याच वावरात पाळीनं जायचं. गावात हे लहान पोरालाही माहीत होतं. एम.ए. झालेल्याला नव्हतं.

बांधावरून खाली उतरून त्याच्यापर्यंत जायला दोन मिनिटं लागली असती. मी छत्री घेऊन रस्त्यावरच उभा राहिलो. मग शाळेची वेळ झाली. जूनमध्ये मला बुलढाण्याला नोकरी मिळाली. निघताना एस.टी.वर पोस्टमास्तर आले होते, शेठही आले होते.

*

निवृत्त झाल्यावर एका लग्नासाठी मेहकरला जाणं झालं. तिथून डोणगावला गेलो. पोस्टमास्तर, शेठ केव्हाच गेले होते. नामदेवला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याची बायको सरूबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "मास्तर नव्हं तुमी? बसा. भाकर खाता ना?"

मी बसलो. भाकर मोडता मोडता विचारलं, "वहिनी, नामदेवभाऊ माझ्यावर रागावले होते का?"

"मले कधी बोलले नाई. त्या सभेतून आले, सदरा काढला अन वावरात गेले. दुसऱ्या दिवशी म्या सदरा धुवाले घेतला तं खिशात तुरीचा दाना निंगाला. म्या इचारलं, हा कायले आनला? तं म्हने, राहू दे, वावराच्या धुऱ्यावर लावून दे."

मी ताठ बसलो. "एकच दाणा होता?"

"एकच."

"नीट आठवतंय तुम्हाला? तूरच होती? हरभरा नव्हता?"

सरूबाईनं हातातली मिरची खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, माही जिंदगी वावरात गेली. तूर अन हरभरा मले समजत नाई काय?"