भगवंतरावांचा कान

कानडी मुलखातल्या यशवंतपूरच्या मागल्या अंगाला, लॉऱ्यांच्या गर्दीतनं आत शिरलं की प्लायवूडचा एक कारखाना लागतो. आवारात नीलगिरीचे आणि सिल्व्हर ओकचे ओंडके रचलेले, आत शेडमध्ये समुद्रापलीकडच्या रानातनं आलेले गर्जन लाकडाचे तांबूस पापुद्रे. ओंडका वाफेवर शिजवायचा, यंत्रावर चढवून गरागरा फिरवायचा आणि पात्याला भिडवायचा. मग लाकडाचा कागद सुटतो, पंगतीला अंथरायच्या पट्टीसारखा लांबच्या लांब. तो कापायचा, वाळवायचा, गम लावून एक उभा एक आडवा असा रचायचा आणि तापल्या प्रेसमध्ये दाबायचा. झाली शीट.

सांगायला सोपं आहे. पण पापुद्र्यात ओल राहिली तर प्रेसमध्ये तिची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की ती आतच फुगा धरून बसते. वरनं काही दिसत नाही, अंग कसं गुळगुळीत. सुतारानं करवत घातली की मग पोटातलं बाहेर येतं.

हा फुगा हुडकायचं काम भगवंतरावांचं. कारखान्यात त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. शीट उभी करायची आणि लाकडाच्या दांडक्यानं ठोकत जायचं. भरीव जागा टणक बोलते, फुग्याची जागा भद्द बोलते. चांगल्या शीटवर खडूनं बरोबरची खूण, फुग्याच्या शीटवर फुली. आता यंत्रांच्या खडखडाटात ठोकून काय कळणार? म्हणून जुने मालक सुब्बाराव यांनी कारखाना काढला तेव्हाच रीत घालून दिली होती. चहाच्या सुट्टीला सगळी यंत्रं बंद, आणि त्या शांततेत भगवंतराव ठोकणार. माणसं चहाचे पेले घेऊन भोवती बसायची आणि आवाज न करता प्यायची. देवळात आरतीला उभं राहावं तशी. ठोकताना भगवंतराव मान डावीकडं कलती करायचे, डोळे बारीक करायचे. पोरीबाळी त्यांची नक्कलही करायच्या, पण मागे.

एवढा मान त्या माणसाला दुसरीकडं कुठंच नव्हता. शिक्षण सातवीपर्यंत. चुलतभाऊ कुणी बँकेत, कुणाचं चिकपेठेत दुकान. मराठी समाजाच्या हॉलमध्ये लग्न असलं की भगवंतराव मागच्या रांगेत. पण तिथंही कुणीतरी नवख्याला सांगायचं, "यांचा कान म्हणजे काय सांगू! नुसतं ठोकून लाकडाच्या पोटातलं सांगतात." तेवढ्यावर त्यांचं जेवण गोड व्हायचं.

तो कान गेला.

एका दिवसात नाही गेला. पात्याच्या यंत्राशेजारी जन्म काढला, त्यानं आतून खाल्ला. उजवा पार गेला, डावा अर्धामुर्धा राहिला. तिथं सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळं कुणाचं काय गेलं ते कुणाला समजत नाही. घरी मात्र बायको, कौशल्याबाई, रोज तोंडसुख घ्यायची.

"अहो, स्वल्प बारीक करा की तो टीव्ही! येलहंका स्टेशनात बसलेल्यांना पण बातम्या समजल्या."

"तुलाच मोठा वाटतो," भगवंतराव म्हणायचे.

कारखान्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, दांडकं झिजलं. सागाचं टाकून शिसवीचं केलं. मग वाटलं, शीटच हल्ली चांगल्या निघतात. माणूस स्वतःला किती गोष्टी सांगतो! शेवटी एका शीटवर वरून दिसणारं टेंगूळ होतं. त्यावर त्यांनी दांडकं आपटलं. बाजूच्या भरीव जागेवर आपटलं. दोन्ही एकच. कापसावर मारल्यासारखं. त्या शीटवर त्यांनी फुली मारली, डोळ्यांच्या जोरावर, आणि पुढच्या शीटपाशी जाऊन मान डावीकडं कलती केली.

त्या दिवसापासून ते सोंग झालं. ठोकायचं, मान कलती करायची, डोळे बारीक करायचे, बरोबरची खूण करायची.  सांगावं तर गेटवर स्टूल टाकून बसवतील, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करायला. आणि हॉलमधल्या मागच्या रांगेत मग काय म्हणून बसायचं?

गंमत अशी झाली की फुल्याच बंद झाल्या. सुब्बारावांचा मुलगा विनोदकुमार आता मालक. तो खूश. त्याला वाटलं, ड्रायरवर, म्हणजे पापुद्रे वाळवायच्या यंत्रावर, काम चोख चाललंय. ड्रायर सांभाळायची गोजराबाई. निपाणीकडची, तोंडानं फटकळ, हातानं चोख. विनोदकुमारनं सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला आणि चारचौघांत म्हणाला, "अक्का, असंच चालू द्या." गोजराबाईनं म्हैसूरपाक पदरात बांधून घरी नेला. भगवंतरावांच्या घशाखाली त्यांचा तुकडा उतरला नाही. उतरवला.

मग देवनहळ्ळीकडनं शीट भरलेली लॉरी परत आली. तिथल्या नव्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, बंगल्यांत कपाटं केली होती. करवतीखाली शीट पोटात उकलल्या, काही दारं पुरीसारखी फुगली. विनोदकुमारनं चहाच्या सुट्टीलाच, सगळ्यांसमोर, त्या शीट ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर बरोबरची खूण.

"गोजराबाई, हे काय?" आज अक्का नव्हतं.

"माझं मीटर बगा सायेब. ओल मोजून सोडती मी. एखादी ओली ऱ्हाती, न्हाई म्हणत न्हाई. पन ती पकडायला अण्णा हायत की."

"अण्णांनी बघितली तेव्हा बरोबर होती. ओल आत राहिली, ती मागाहून सुटली. कौतुक केलं तर तुम्ही हात ढिला सोडलात!"

"मागाहून कशी सुटंल? प्रेसमधनं निघतानाच—"

"म्हणजे अण्णांचा कान चुकला म्हणता?" विनोदकुमार हसला. "बाबांपासून आजवर चुकला नाही तो."

सगळ्यांनी भगवंतरावांकडं बघितलं. गोजराबाईनंही बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, हो, चुकला. भगवंतरावांनी पेल्यात बघितलं. चहावर साय धरली होती, ती त्यांनी बोटानं काढली.

गोजराबाईला ड्रायरवरनं उतरवून साली उचलायला लावलं. महिना भरला की यायचं नाही, असंही सांगितलं. ओंडक्यांच्या ओल्या साली डोक्यावर घेऊन ती आवारातनं जायची, तेव्हा भगवंतराव पाठ फिरवून उभे राहायचे. एकदा ती टोपली खाली ठेवून समोरच आली.

"अण्णा, तुमी देवमानूस. मला एवढंच सांगा, माझं खरंच चुकलं का वो? तुमी हो म्हणा, मी गप जाती गावाकडं. लेकीला काय सांगायचं तेवढं तरी समजंल."

समोर तोंड होतं म्हणून शब्द न् शब्द कळला. देवमाणूस तर फारच नीट कळला. भगवंतराव "बघू, बघू" म्हणाले आणि लघवीला गेल्यासारखे भिंतीमागं गेले. तिथं नुसतेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"साहेब, मला ऐकू येत नाही. फुगे मी सोडले."

विनोदकुमार उठला आणि त्यांचे हात हातात धरले. "अण्णा, त्या बाईसाठी तुम्ही स्वतःच्या अंगावर घेताय! बाबा म्हणायचे तेच खरं."

आता आली का पंचाईत! खरं सांगितलं तर त्याचाही हार गळ्यात. भगवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तसं नाही हो. मी भिंतीकडं तोंड करतो. तुम्ही मागनं काहीतरी बोला."

ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे, या वयात. भिंतीवर सुब्बारावांचा हार घातलेला फोटो होता, म्हणून त्यांनी नजर खाली घेतली. बराच वेळ गेला. मग विनोदकुमार पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणालो मी?"

"बोललात का?"

विनोदकुमार खुर्चीत बसला. काय बोलला होता ते त्यानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "सरी, ठीक आहे. अक्काला उद्यापासून ड्रायरवर पाठवतो. तुमचं काय करायचं ते बघू. बाहेर बोलू नका, माझ्याकडंच राहू दे."

सुटलो, असं भगवंतरावांना वाटलं. खोटं कशाला सांगा, हलकं वाटलं. ते तसेच आवारात गेले. गोजराबाई साली भरत होती.

"गोजरा, तुझं काही चुकलं नव्हतं. माझा कान गेलाय. साहेबांना सांगितलं. उद्यापासून तू ड्रायरवर."

ती टोपलीवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत राहिली.

"कुटं सांगितलं?"

"केबिनमध्ये."

"दार उघडं व्हतं?"

भगवंतराव सालींच्या ढिगाकडं बघायला लागले.

"मला कुटं बोलले वो ते, अण्णा? केबिनीत बोलले? ह्या सगळ्या पोरींसमोर बोलले. चहाच्या सुट्टीत. माझ्या गल्लीत पोचलं ते, की गोजरीला हात ढिला केला म्हणून काढली. आन् तुमचं दार लावून?" तिनं टोपली डोक्यावर घेतली. "न्हाई जमायचं. जिथं माझी अब्रू गेली तिथंच सांगा. न्हाईतर मला तुमचा ड्रायर नको."

दुसऱ्या दिवशी चहाची सुट्टी झाली. यंत्रं थांबली, पेले वाटले गेले, माणसं नेहमीच्या जागी बसली. गोजराबाई टोपली घेऊन दारातच उभी राहिली, आत आली नाही. भगवंतरावांनी दांडकं उचललं, सवयीनं मान डावीकडं कलती झाली. ती त्यांनी सरळ केली.

"ऐका," ते म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले, कारण किती मोठ्यानं ते त्यांना कळत नव्हतं. बाहेरचे लॉरीवालेही डोकावले. "मला ठोकलेलं ऐकू येत नाही. बऱ्याच दिवसांपासनं. मी नुसतं नाटक करत होतो. परत आलेल्या शीट माझ्यामुळं आल्या. गोजराचा दोष नव्हता, आणि ती बोलणी खात होती तेव्हा मी इथंच बसून चहा पीत होतो."

 गम लावणारी मेघाश्री पेला खाली ठेवून जवळ आली. त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अण्णा, आम्हाला ऐकू येत होतं. भद्द वाजायचं. आम्ही म्हटलं, अण्णांनी सोडली म्हणजे त्यात काहीतरी असेल, आपल्याला काय कळतंय."

भगवंतरावांनी बसलेल्या माणसांकडं एकेक करून बघितलं. एकेक मान खाली गेली. म्हणजे रोज सगळ्यांना ऐकू येत होतं. मान कलती करून, डोळे बारीक करून जो मधोमध उभा होता, तेवढा सोडून सगळ्यांना.

गोजराबाई दारातनं आत आली. त्यांच्याकडं न बघता पुढं गेली, ड्रायरपाशी पोचली आणि खटका दाबला. मग एकेक करत बाकीची यंत्रंही लागली. माणसं उठून आपापल्या जागी गेली. भगवंतराव तिथंच राहिले. आता आपण कुठं उभं राहायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्यांना लाज वाटत होती.