वासावरून ओळखलेला डबा

आमच्या घरात मला सोडून सगळ्यांना स्वयंपाक येतो, म्हणून चवीवर बोलायचं काम माझ्याकडे असतं.

हे काम मी मन लावून करतो. पिरंगुटच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो आणि बावधनपासून लवासाच्या घाटापर्यंत एकही हॉटेल मी सोडलेलं नाही. केरळी झालं, पंजाबी झालं, ‘चुलीवरचं’ अशी पाटी लावून गॅसवर शिजवणारंही झालं! कुठेही गेलो तरी पहिला घास खाऊन मी डोळे मिटतो, मान हलवतो आणि वेटरला बोलावून सांगतो, “दगडफूल कमी पडलंय.” (सूसच्या एका हॉटेलात हे ऐकून वेटर थेट बिलच घेऊन आला होता.) घरी आलो की खाल्लेल्याचं प्रवचन. आई आणि माझी बायको सुनंदा ते निमूट ऐकून घेतात, कारण तेव्हा दोघींचे हात पिठात असतात.

आमचा वर्षाचा मसाला आजवर आईच करायची. मिरच्या, धने, खोबरं, लवंगा असे वीसेक जिन्नस, आणि कुठला किती भाजायचा ते फक्त तिच्या हाताला ठाऊक. सोळा वर्षं सुनंदा या घरात भाकऱ्या थापतेय, पण मसाल्याच्या कढईपाशी तिला नुसतं डोळे पुसत उभं राहायची परवानगी होती. गेल्या उन्हाळ्यात आईचा खांदा धरला आणि तिनं झारा सुनंदाच्या हातात दिला. मग आपल्याच्यानं राहवणार नाही म्हणून ती दारापुढच्या ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसली. सुनंदानं दोन दिवस मसाला भाजला. अख्खी आळी खोकत होती आणि हिच्या पोटात अन्न जात नव्हतं. मला हळूच म्हणाली, “आईंनी एकदा चांगला झाला म्हटलं की मी सुटले.”

माझ्याकडे एवढंच काम होतं, की डबा पौडच्या कांडपावर न्यायचा, मसाला कुटून होईपर्यंत यंत्रासमोर बसायचं आणि तोच डबा भरून घरी आणायचा. आमच्याकडे कांडपावरून घरचं माणूस हलत नाही. लग्नाचा मुहूर्त टळला तरी चालेल, पण आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात जाता कामा नये! सुनंदानं हे मला तीनदा बजावलं.

तासभर मी खरंच बसलो. पण समोरच एक नवीन हॉटेल उघडलं होतं आणि तिथून बिर्याणीचा वास येत होता. चवीच्या माणसानं अशा वेळी काय करायचं? मी पाच मिनिटांसाठी गेलो. (पाच मिनिटं म्हणजे एक बिर्याणी, चार कबाब आणि आचाऱ्याला दगडफुलाविषयी दोन शब्द.) परत येतो तो टेबलावर दोन डबे भरून तयार. दोन्ही स्टीलचे, एकाच मापाचे, अगदी जुळे! कांडपवाल्या मावशी म्हणाल्या, नावाच्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं उडाल्यात, दुसऱ्या डब्याच्या बाई बाजारात गेल्यात, त्या येईपर्यंत जरा थांबा.

थांबायचं कशाला? मी दोन्ही झाकणं उघडली. पहिल्या डब्यात नाक घातलं आणि सात शिंका दिल्या. दुसऱ्यात घातलं, डोळे मिटले, मान हलवली आणि जाहीर केलं, “हा आमचा. हा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन.” मावशींनी ‘बघा बुवा’ म्हणून खांदे उडवले आणि मी रुबाबात डबा गाडीला बांधला.

घरी सुनंदाला रंग जरा काळपट वाटला. यंत्राच्या उष्णतेनं तसं होतं, असं मी तिला समजावलं. (हे मला कुणी सांगितलं होतं ते अजून आठवत नाही.) रविवारी गावरान कोंबडी झाली. पहिलं ताट आईला. तिनं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि थांबली. मग वाटी हळूच बाजूला सारून म्हणाली, “मला जरा दूधभात दे गं.”

आमच्या घरात यापेक्षा कडक शिक्षा नाही. सुनंदाचा चेहरा पडला. अशा वेळी शहाण्या नवऱ्यानं गप्प जेवावं. मी मात्र बाह्या सरसावल्या. खोबरं कसं जास्त भाजलं गेलंय, लवंग कशी कच्ची राहिलीय आणि बडीशेप कशी उगाच पुढे पुढे करतेय, हे मी तिला एकेक करून दाखवलं.

“मी बडीशेप घातलीच न्हाई,” सुनंदा म्हणाली.

“घातली असशील. तुझ्या लक्षात नसेल.”

डबा माळ्यावर गेला आणि आठ दिवस आमच्याकडे हिरव्या मिरचीचं पिठलं आणि मुगाची आमटी यापलीकडे काही शिजलं नाही. कामं करताना गुणगुणणारी बाई गुणगुणेनाशी झाली. पुढच्या वर्षी दुकानातून पाकिटं आणा, एवढंच आईला म्हणाली. आईलाही वाईट वाटत होतं, पण चव हा विषय असा, की तिला खोटं बोलता येत नाही. मी सगळ्यांना हॉटेलात नेतो म्हणालो, तर दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कामावर एक तास आधीच निघून गेलो.

नवव्या दिवशी संध्याकाळी दारात एक स्कूटर थांबली. बाईंच्या पायाशी स्टीलचा डबा होता.

“शिंकणारे दादा हितंच ऱ्हातात का?”

त्या शेखभाभी. पौडच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. डब्याचं झाकण उघडताक्षणी त्यांना कळलं होतं, की हा मसाला आपला नाही! त्या तशाच कांडपावर परत गेल्या, पण मावशींना माझ्या फक्त शिंका आठवत होत्या. शेवटी समोरच्या हॉटेलातल्या आचाऱ्यानं, ज्याला मी माझं नाव-गावही सांगून आलो होतो, मला ओळखलं. दगडफुलावरून.

“एक चूक झाली माझी, मावशी,” भाभी आईला म्हणाल्या. “घरात मसाल्याचा कण न्हवता, म्हणून ह्यातले दोन चमचे घेतले. आता सासरे रोज त्याच मसाल्याचं कालवण मागत्यात. डबा चार बोटं खाली गेलाय. कुणी केलाय हा? मला प्रमाण लिहून पायजे.”

सुनंदानं एकच शब्द विचारला, “बडीशेप?”

“व्हय, आमी घालतो की.”

मग तिघी माझ्याकडे वळल्या. कारखान्यात ऑडिटवाले आले तेव्हासुद्धा मला एवढा घाम फुटला नव्हता! मी सगळं कबूल केलं. बिर्याणी, कबाब, नाक, सगळं. सुनंदा आधी रडली, मग हसायला लागली, मग पुन्हा थोडं रडली. मला खरोखर लाज वाटली. आई उठून तिच्याजवळ गेली आणि पदरानं तिचं तोंड पुसून म्हणाली, “माझं चुकलं गं. तुझा मसाला न चाखताच मी वाटी सारली.”

भाभींना कुणी जाऊ दिलं नाही. पुन्हा कोंबडी झाली, या वेळी खऱ्या डब्यातल्या मसाल्याची. सुनंदा हातात पळी घेऊन दारातच उभी. आईनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, रस्सा वाढून घेतला आणि दुसरी भाकरीही मागितली. गेल्या वर्षभरात आईनं दुसरी भाकरी मागितली नव्हती.

“लई चांगला झालाय,” ती म्हणाली. “माझ्यापरीस चांगला. फुडल्या वर्षीबी तूच कर.” सुनंदानं आईच्या वाटीत आणखी एक पळी रस्सा ओतला. मग आईनं माझ्याकडे पाहिलं आणि भाभींना सांगितलं, “मसाला कधी बिघडला न्हाई माझ्या हातून. हे पोरगं तेवढं बिघडलं.”

तिघी पोट धरून हसल्या. मी मान खाली घालून रश्श्यात भाकरी कुस्करली, घास घेतला, सवयीनं डोळे मिटले, आणि कुणालाही काही बोललो नाही. कारण खरं सांगायचं तर, रस्सा मला अगदी त्या रविवारसारखाच लागत होता!