वीस पावलं आधी

बंगळुरूत आमच्या एचएसआर लेआउटमधल्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे ते गृहस्थ मूळचे बेळगावकडचे. दर रविवारी उजाडताच दोन्ही पोरांना गाडीत घालून कुठल्यातरी टेकडीवर निघतात. त्यांचा नियम एकच: धाकटी 'पुरे' म्हणाली की परतायचं.

एकदा मीही मुलाला घेऊन त्यांच्यासोबत गेलो. माथा वीस पावलांवर आला आणि चार वर्षांची धाकटी फतकल मारून बसली. "पुरे."

"सरी, बरं, चला," असं कानडी-मराठीत म्हणत ते लगेच वळले. वर पाहिलंसुद्धा नाही.

मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. रडणाऱ्या माझ्या मुलाला ओढत मी माथ्यावर नेलं आणि दोघांचा फोटो काढला.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, "बाबा, पुढच्या वेळी मी एकटाच काकांबरोबर जाऊ?"