गुण्यात न बसणारे नऊ

कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक सुतारमामा बसत. खिशात कायम गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. कुणाच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की आधी ते सरळ करायचे, मग नमस्कार. म्हणून सगळे त्यांना गुण्यामामाच म्हणत. तीस वर्षांत त्यांनी वर्गांसाठी लाकडाची हृदयं केली, मूत्रपिंडं केली. त्यातलं काय कशाला लागतं, हे विचारायच्या भानगडीत कधी पडले नाहीत.

यंदा प्राचार्यांच्या डोक्यात शेड पाडून तिथे गाड्या लावायचं खूळ शिरलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी मामांच्या मॉडेलची तारीफ केली तरच शेड राहणार होती.

जीवशास्त्राच्या बाईंनी चित्र दिलं आणि समजावलं, "हे तारककाय, मामा. प्राण्याच्या पेशीत केंद्रकाजवळ असतं. आत दोन सेंट्रिओल, पिंपांसारखी, एकमेकांशी काटकोनात. पेशी दुभंगायच्या आधी या जोडीच्या दोन जोड्या होतात आणि दोन टोकांना जातात. तिथून निघालेले धागे गुणसूत्रं दोन्हीकडे सारखी वाटून ओढतात."

काटकोन ऐकून मामा हरखले. निसर्गाच्या खिशातही गुण्या आहे म्हणायचा! आठवड्यात दोन जोड्यांची चार पिंपं, धागे, गुणसूत्रांचे मणी, फिरवायचा दांडा, सगळं तयार.

तपासणीच्या आदल्या दुपारी बाई बघायला आल्या आणि किंचाळल्याच. "मामा, पिंपाच्या भिंतीत तीन-तीन नळ्यांचे नऊ जुडगे हवेत. तुम्ही आठच केलेत!"

"आठ झकास बसतात, बाई. वर्तुळाचं अर्धं, त्याचं अर्धं, परत अर्धं. नऊ गुण्यात बसत नाहीत."

"पेशीला तुमचा गुण्या माहीत नाही हो!"

मामा पिंपं घेऊन घरी आले. पेन्सिल झिजली, नऊ काही सारखे पडेनात. मामी शिवणाच्या मशीनवर होत्या. या दोघांचं तीस वर्षं एकच तंत्र: मामी पूर्व म्हणाल्या की मामा उत्तर म्हणणार, कायम काटकोनात.

"एवढंच ना?" मामींनी कागदाची पट्टी पिंपाभोवती गुंडाळून नेमकी कापली. तिची तीन पदरी घडी घातली, तिच्यावर पुन्हा तीन पदरी. उलगडली तर नऊ सारखे भाग! "चुण्या घालण्यात हयात गेली माझी. कधी विचारलं असतंत तर!"

'तुला काय कळतंय' हे वाक्य मामांच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरलं. त्यांना लाज वाटली, आणि बायकोचं कौतुकही. दिवेलागणीपर्यंत दोघांनी मिळून चारही पिंपं नव्याने बांधली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दांडा फिरवला. मणी दोन्हीकडे सारखे सरकले. साहेब खूश होऊन मामांना म्हणाले, "पण प्रत्येक टोकाला दोन-दोन पिंपं कशाला? एकाने भागलं नसतं?"

बाई उत्तर द्यायला पुढे सरसावल्या, तेवढ्यात मामा बोलून गेले, "एकट्याला नऊ जमत नाहीत, साहेब. मी करून बघितलंय."

बाईंनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र खो-खो हसले आणि शेवटी वहीत चार चांगल्या ओळी लिहून गेले.

शेड राहिली. आता तिथे मामींचं मशीनही आहे. मामांच्या बाकाशी ते बरोबर काटकोनात आहे का, हे मामांनी गुण्या लावून दोनदा तपासलं.