करंगळीशेजारच्या बोटाचे शब्द

एकोणीसशे सत्तावन्नच्या सुमारास मल्लेश्वरममध्ये पितळी भांड्यांच्या एका दुकानाशेजारून लाकडी जिना वर जायचा. त्याच्या टोकाला मल्हाररावांची टाइपरायटिंगची शाळा होती. सकाळी सहाला सहा मशिनं एकदम सुरू झाली, की खालच्या दुकानातले तांबे आपसूक किणकिणायचे. गल्लीला त्यानेच जाग यायची. तो आवाज आता ऐकायचा म्हटलं तर कुठे जाणार?

मल्हाररावांचे पूर्वज इकडे कानडी मुलखात येऊन तीनशे वर्षं झालेली. घरात मराठी, पण कानडीची फोडणी दिलेली. वर्गात तर विचारूच नका. "ए, एस, डी, एफ, स्पेऽऽस! अण्णा, स्वल्प हळू! मशीन आहे ते, भजी तळताय काय? सरी, पुन्हा!"

इंग्रजी बोलायची वेळ आली की ते घसा खाकरून विषय बदलत. पण शब्द त्यांना हजारो ठाऊक होते, ते सगळे बोटांवरून. कोणी 'फ्लास्क' म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांपुढे चहा येत नसे. "मधल्या ओळीतला शब्द. बोटं हलवायला नकोत. उत्तम!" ग्लास, सॅलड, फ्लास्क ही त्यांची आवडती मंडळी. प्रत्येक अक्षराला त्याचं ठरलेलं बोट, हा त्यांचा धर्म. चुकीचं बोट पडलं की लाकडी पट्टी बसलीच.

जूनमध्ये शालन जिना चढून आली. निपाणीची, वीस-बावीस वर्षांची, थोरल्या बहिणीकडे राहायला आलेली. आल्या आल्या तिने डावा हात पुढे केला.

"सर, आधीच सांगतो. हे करंगळीशेजारचं बोट वळंना बघा. पीठ वाटताना वर दगडी गुंडा पडला. ऑगस्टात परीक्षा द्यायची हाय. जमंल का?" तिकडच्या बायका बोलतात तशी ती 'सांगतो', 'येतो' म्हणायची, आणि मागची पोरं वह्यांत तोंड खुपसून हसायची.

"एवढी घाई कसली, अक्का?"

"दसऱ्यापर्यंत नोकरी न्हाई लागली तर परत ये, असं दादानं लिवलंय. परत गेलो की तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची, आन् वैनीचं ऐकायचं. पानांचं काय न्हाई वो, सर. वैनीचं जड जातंय."

डाव्या हाताच्या त्या बोटाकडे तीन अक्षरं असतात: डब्ल्यू, एस आणि एक्स. एस तर इंग्रजीत मुंग्यांसारखा. मल्हाररावांनी ठरवलं, आखडलेल्या बोटाला व्यायाम हवा. त्यासाठी त्या तीन अक्षरांनी गच्च भरलेले शब्द हवेत.

मग शिकार सुरू झाली. ते दुकानांच्या पाट्या वाचू लागले, बसच्या तिकिटाची मागची बाजू वाचू लागले. सिक्सेस मिळाला, स्वॉलोज मिळाला. एकदा प्रदर्शनाच्या जाहिरातीवर वॅक्सवर्क्स दिसला आणि ते रस्त्यातच थबकले. आठ अक्षरं, त्यांतली चार त्या एका बोटाची! शेजारचे निवृत्त मास्तर जयतीर्थ म्हणाले, "अहो, म्हणजे मेणाचे पुतळे."

"पुतळे कसले का असेनात, बोट पळतंय की नाही ते बघा!"

शालनने तो शब्द दोन आठवडे बडवला. टक, टक, मग थांबा, मग टक. चूक मोजायला गेले तेव्हा मल्हाररावांना दिसलं, ती डावा हात पदराखाली घेते आहे. बोट वांग्यासारखं सुजलं होतं. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि तिला घरी पाठवलं.

दुपारी जेवताना ताटाच्या कडेवर त्यांची बोटं नाचत होती. त्यांची बायको जमनाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "शब्द तुम्ही शोधायचे आणि ठणका त्या पोरीला. लंगड्याला कोणी जिने चढायला लावतं होय?"

जेवण अर्धं टाकून ते शाळेत आले. स्वतःचं ते बोट त्यांनी दोऱ्याने करंगळीला बांधलं आणि त्याची अक्षरं मधल्या बोटाने मारून पाहिली. वीस वर्षं ज्या गुन्ह्याला पट्टी मारली, तो गुन्हा आता स्वतःच करत होते. चाललं की! अडलं फक्त एका ठिकाणी. मधल्या बोटाची स्वतःची अक्षरं आहेत ई, डी आणि सी. ती शेजारी आली की एकट्या बोटाची तारांबळ उडायची. म्हणजे आता दोन्ही बोटांची अक्षरं खेटून बसलेले शब्द हवे होते. डेस्क. सीड्स. एक्सेस. अ‍ॅड्रेस्ड. संध्याकाळपर्यंत दोन पानं भरली.

चार दिवसांनी सूज उतरून शालन आली.

"अक्का, आजपासून ते बोट पेन्शनीत. त्याचं काम मधलं बोट करेल."

"पण सर, ते चुकीचं बोट न्हवं?"

"चुकीचंच. मी सांगतोय म्हणून चुकीचं मारा."

मागच्या पोरांतला बसवंत ओरडला, "सर, मग आम्हालाही?"

"तू आधी गुंड्याखाली बोट ठेवून ये, मग बघू!"

परीक्षेच्या दिवशी शालनचं तीन नंबरचं मशीन हातगाडीवरून निघालं, कारण मशीन ज्याचं त्याने न्यायचं. गाडीच्या एका बाजूला शालन, दुसऱ्या बाजूला मल्हारराव, खड्डा आला की दोघंही मशीन धरत. हॉलच्या खिडकीखाली ते कान देऊन उभे राहिले, पण तीस मशिनांच्या गदारोळात तिचं कोणतं ते कळेना. घंटा झाली. ती बाहेर आली.

"अ‍ॅड्रेस्ड आला होता?"

"तीनदा आला, सर. दोनदा बराबर पडला. एकदा चुकला, पण खोडायला थांबलो न्हाई."

"शाबास. थांबला असतात तर वेळच पुरला नसता."

सप्टेंबरात निकाल लागला. शालन दुसऱ्या वर्गात पास. दसऱ्याला आठ दिवस असताना ती एका सरकारी कचेरीचं पत्र आणि मैसूरपाकाचा पुडा घेऊन जिना चढली. सर आधी पगार वाचतील म्हणून तिने तिथेच बोट ठेवलं होतं. मल्हाररावांनी ते बोट बाजूला सारलं आणि चष्मा लावून पत्र ओळीओळीने, वरपासून खालपर्यंत तपासलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"कुणी टाइप केलंय हे? चार चुका! समास वाकडा! अक्का, उद्याच रुजू व्हा. फार गरज आहे तिथे तुमची."