आईचं रंगकाम

माझी आई रिकामी जागा सोडत नसे. सूप असो, तांदळाच्या डब्याचं झाकण असो, पाट असो, त्यावर वेल तरी चढायचा नाहीतर मासा तरी पोहायचा. आमचं गाव मुरुडपासून थोडं वर, समुद्राला लागून. अण्णा कचेरीत कारकून होते आणि घरामागे सुपारीची छोटी बाग होती. जेवायला बसताना अण्णा पाटाकडे बघून विचारायचे, "बसू का? की ओला आहे?" त्यात थट्टा नव्हती. एकदा त्यांच्या धोतरावर मोर उमटला होता.

मी दहाएक वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. ग्रामदेवतेच्या जत्रेत दर वर्षी पौराणिक नाटक व्हायचं. पडदे मुंबईहून भाड्याने यायचे, मचव्यातून. त्या वर्षी वाटेत मचव्यात पाणी शिरलं आणि पडद्यांची गुंडाळी भिजली. बंदरावर ती उलगडली तेव्हा राजवाडा नदीत गेला होता आणि नदी कुठेच नव्हती. शाळेतले मास्तर नाटक बसवायचे. ते वाळूत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

अण्णांनी ही बातमी घरी सांगितली. आई तेव्हा भाकरी थापत होती.

"राजवाड्याचं काय करायचं ते मास्तरांनी बघावं," ती म्हणाली. "जंगल मी करीन."

"जंगल?" अण्णा म्हणाले. "अगं, ते दहा हात रुंद लागतं."

"मग दहा हात करीन."

एवढं कापड कुठे मिळणार, हा प्रश्न होता. बंदराशेजारी एक म्हातारे तांडेल राहायचे, जन्मभर मचवे हाकलेले, त्यांना सगळे चाचा म्हणत. आई मला घेऊन त्यांच्याकडे गेली आणि जुनं शीड मागितलं.

"शीड वाऱ्यासाठी असतं, भाभी," चाचा म्हणाले.

"ज्याचं वाऱ्याशी आता काही काम उरलं नसेल, ते द्या."

त्यांनी दिलं. ठिगळंच ठिगळं होती त्याला, आणि सुक्या मासळीचा वास. आईने ते धुऊन खळ्यात पसरलं. गेरू, पिवडी, नीळ, चुना, काजळी, सगळं सरसात कालवलं. आम्हा मुलांना बजावलं की हळदीला हात लावायचा नाही, चुन्याशी गाठ पडली की ती लाल होते. ठिगळांचे तिने खडक केले. मग दोन हातांत दोन झाडू घेऊन झाडं रंगवायला लागली.

मास्तर बघायला आले. त्यांच्या नाटकात राजाला वनवास होता. पडद्यावर माड होते, सुपाऱ्या होत्या, एक फणस होता आणि फणसाखाली म्हैस बसलेली होती.

"वहिनी, घोर अरण्य आहे हे," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "हरीण पाहिजे होतं."

"हरीण मी पाहिलेलं नाही."

"अंदाजाने?"

"अंदाजाने केलं तर ते बकरं होईल. म्हैस मी रोज पाहते."

खरी अडचण वेगळी होती. ती नुसती म्हैस नव्हती. तिचं डावं शिंग खाली वळलेलं होतं, आणि असं शिंग गावात एकाच म्हशीला होतं: आमच्या शेजाऱ्यांच्या. आणि राजाचं काम शेजारीच करणार होते. मास्तरांनी ते ओळखलं होतं, पण जत्रा दोन दिवसांवर आली होती. शेजारी कपाळाला हात लावून संवाद पाठ करत होते. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

नाटक उभं राहिलं. वनवासाचा प्रवेश आला, दर्शनी पडदा वर गेला. बायकांच्या बाजूने कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अगो बाय, ही तं आपली हाय!" लोक हसू लागले. राजाला काही कळेना. तो मुकुटाशिवाय पुढे उभा, पाठ पडद्याकडे. त्याने डोळे मिटून आपलं वाक्य म्हटलं, "या निर्जन अरण्यात माझं म्हणावं असं कोणीही उरलं नाही!"

मांडव हसण्याने हलला. तेव्हा राजा मागे वळला. म्हशीकडे त्याने नीट पाहिलं. मला वाटलं, आता हा निघून जाणार, आणि उद्यापासून दोन घरांचं बोलणं बंद. मी आईचा हात धरला.

राजा परत प्रेक्षकांकडे वळला. "एवढी एक सोडून," तो म्हणाला आणि रडू लागला. त्याच्याइतकं चांगलं त्या मांडवात आधी कोणी रडलं नव्हतं. हसणारे लोक गप्प झाले, काही बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

घरी येताना अण्णा म्हणाले, "झालं बरं का." आई म्हणाली, "शिंग जरा जास्तच वळलं." त्यानंतर तो पडदा गावोगाव गेला, अगदी तळा गावापर्यंत. पडद्यामागचं नाव कोणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "आमच्या घरून." याहून जास्त कौतुक त्यांना जमलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी पालीला गेले. मला मुलगी झाली. मे महिना लागला की आम्ही दोघी एस.टी.ने माहेरी यायचो. मुलगी सहा वर्षांची होती त्या साली आईने माजघराची भिंत घेतली होती. आजी आणि नात मिळून समुद्र रंगवत होत्या.

"आजी, समुद्र असा नसतो," मुलगी म्हणाली.

"तुझ्या पालीला समुद्र आहे का?"

"नाही."

"मग?"

समुद्र खरोखर तसा नव्हता. मातकट पिवळा होता, पिठल्यासारखा. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. चहात ती मीठ घालू लागली तेव्हा आलं. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं. जाड भिंगांचा चष्मा लावून ती घरी परतली आणि माजघरात येऊन थबकली.

"हे कोणी केलं?"

"तूच," अण्णा म्हणाले.

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, मुद्दाम केलं असेल. चित्रकारांचं असतं तसं."

ती खाली बसली. मग तिने माझ्या मुलीला जवळ बोलावलं. "तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आता तू सांग, मी करते." मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. इथे निळा, इथे अजून निळा. आई मुकाट्याने करत होती. माझ्या रांगोळीत तिने कायम चुका काढलेल्या. मी दारातून बघत राहिले आणि मला थोडा मत्सर वाटला.

शेवटच्या आजारात तिला उठवत नव्हतं. खाटेवरून ती सांगायची आणि नात स्टुलावर चढून होड्या काढायची. एक होडी फारच वर गेली, पार तुळईच्या खाली.

"पुसू का, आजी?"

आईने चष्मा सरळ करून पाहिलं. "राहू दे. भरती असेल."

श्रावणात ती गेली. दिवाळीच्या आधी अण्णांनी घराला चुना द्यायला माणूस बोलावला. माजघरात येऊन त्याने त्या भिंतीपाशी बादली ठेवली. अण्णांनी ती उचलून बाहेर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "तिकडे नको. समुद्र आहे."