फायनलच्या दिवशी घातलेल्या चपला

खामगावात एप्रिल लागला की दुपारी कुत्रीसुद्धा नळाखालची ओल शोधत फिरतात. गेल्या एप्रिलात मी कापसाच्या जिनिंग मिलपासून खोलीपर्यंतचा रस्ता रोज अनवाणी चालत होतो. कुणी विचारलं तर सांगायचो, चपला तुटल्यात. आठवडाभर पटलं लोकांना. मग गाठींच्या प्रेसवर माझ्या जोडीला असणारा गडी सगळ्यांसमोर म्हणाला, "काऊन बे कोल्हापुरी, गावच्या चपला साऱ्या दुनियेले इकल्या, सोताले एक जोड नाई ठेवला?"

सगळे हसले, मीही हसलो. खरं कारण फुटबॉल होतं, आणि ते सांगायला जीभ उचलत नव्हती.

इकडं सांगून पटत नाही, पण आमच्या कोल्हापुरात प्रत्येक पेठेचा आपला संघ असतो. संघ जिंकला तर पेठेत गुलाल, हरला तर चार दिवस चहाच्या टपरीवर कुणी कुणाकडं बघत नाही. मी कधी चांगला खेळलो नाही. पण नववीच्या वार्षिक परीक्षेला, भूमितीच्या पेपराच्या वेळी, मी मैदानाच्या कट्ट्यावर बसून हलगी वाजवत होतो. त्यानंतर शाळेत गेलोच नाही. मास्तर काय म्हणतील ह्या भीतीनं नव्हे, तोंड कसं दाखवायचं ह्या भीतीनं. हा माझा जुना रोग आहे. चूक झाली की मी तिथून उठून जातो.

चार वर्षांपूर्वी एका फिटरच्या हाताखाली प्रेसची मशीन बसवायला खामगावात आलो. काम संपलं, फिटर परत गेला, मी राहिलो. एकट्या परक्या माणसाला कुणी खोली देईना. शेवटी एका बाईंनी दिली. नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होत्या, रिटायर झालेल्या. घरी त्या एकट्याच. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. पहिल्याच पावसाळ्यात मला कावीळ झाली तेव्हा मावशींनी तीन आठवडे माझं पथ्य सांभाळलं. मिलच्या मुकादमाला जाऊन सांगितलं, "पोरगं बरं होईपर्यंत त्याच्या जागी दुसरा घेऊ नका." त्यांचा चष्मा लहान अक्षराला पुरत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. अडखळलो की म्हणायच्या, "पुन्हा वाच. घाई कायची?" आज मी हे चार शब्द लिहितोय ते त्या वाचनामुळं. नववी नापासाला एवढं लिहिता येतं ह्याचं माझं मलाच नवल वाटतं.

तर गेल्या फेब्रुवारीत आमचा संघ बऱ्याच वर्षांनी चांगला खेळू लागला. मंडळाच्या ग्रुपवर पोरांनी नवस बोलायला सुरुवात केली. एकानं चहा सोडला. एकानं दाढी. मी इतक्या लांब. मैदानात नाही, हलगीवर नाही, मोबाइलवर चार इंची मॅच बघणारा. त्याची खंत होती, म्हणून सगळ्यांत अवघड तेच बोललो. कप पेठेत येईपर्यंत पायात काही घालणार नाही. ग्रुपवर वाहवा झाली. "भावा, नाद खुळा!" फेब्रुवारीत ते सोपं होतं. प्रेसवर दिवसभर पायाखाली रुई, मऊ. मार्चमध्ये डांबर तापायला लागलं. आणि संघ जिंकतच गेला, मग मोडायचं कसं?

पायाला फोड आले ते मावशींनी पाहिले. फरशीवर ओले डाग पडत होते.

"काऊन रे, पायाले काय झालं?"

"काही नाही मावशी."

"दवाखान्यात तीस वर्सं लोकायचे पाय पाह्यले म्या. दाखव इकडे."

त्यांनी बादलीत पाणी घेतलं, मला ओट्यावर बसवलं आणि माझे पाय स्वतःच्या हातानं धुतले. मला नको नको झालं. मग सांगावंच लागलं. नवसाचं ऐकून त्यांनी मलमाची डबी उघडली. त्यांच्या बौद्ध घरात नवस नाही, उपास नाही, गंडादोरा नाही. ते सगळं त्यांच्या सासऱ्यानंच सोडलेलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण एवढंच म्हणाल्या, "तुह्या पायाचं कातडं जळल्यानं तिकडच्या पोराच्या पायात जोर येते का रे, बाप्पा?" आणि मलम लावलं.

फायनलच्या आदल्या दिवशी बाजारातून त्यांनी चपलांचा जोड आणला. साधा, रबरी तळाचा, काळ्या पट्ट्यांचा. खोलीच्या दारात ठेवला आणि स्वतःशीच हसल्या. "कोल्हापूरच्या माणसाले खामगावातून चपला घेऊन द्या लागते! कोनाले सांगशीन त कोनी मानन नाई."

मी हात लावला नाही. एकच दिवस राहिला होता.

फायनल दुपारी चारला. मुकादमानं तीनला सोडलं. सकाळी निघताना मावशी दारात उभ्या राहिल्या होत्या. चपला माझ्या पिशवीत घालून म्हणाल्या, "जाताना नको घालू, सकायी डांबर थंडं असते. येताना घाल. आता पायाले जखम हाये." तीन वाजता मिलच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि जखमेतून कळ थेट डोक्यात गेली. मी सावलीला सरकलो. पिशवी उघडली. इकडं तिकडं बघितलं, जणू सगळी पेठ खामगावच्या त्या रस्त्यावर उभी आहे. आणि घातल्या. दहा-बारा मिनिटांचा रस्ता. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं, हे खरं सांगतो.

मावशींनी शिरा केला होता. मोबाइल डब्याला टेकवून मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. आम्ही पहिल्या हाफमध्येच गोल केला. मी ओरडलो, मावशी दचकल्या, मग हसल्या. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना समोरच्यांनी बरोबरी केली. टायब्रेकर. चार-चार झाले. शेवटचा फटका मारायला आला आमच्या गल्लीतला एकोणीस वर्षांचा हाफ-बॅक पोरगा. लहानपणापासून पाहिलेला. त्यानं बॉल बारवरून घातला. समोरच्यांनी त्यांचा पाचवा मारला आणि संपलं.

मोबाइलवर समोरच्यांची पोरं नाचत होती. मावशी म्हणाल्या, "घे, शिरा थंडा होऊन राह्यला." मी ताट सरकवलं. त्या उठून मागच्या अंगणात भांडी घासायला गेल्या. तेवढ्यात गावाकडच्या मित्राचा फोन आला. आम्ही दोघं एका हलगीवर शिकलेलो.

"कुणाचा तरी नवस मोडलाय," तो म्हणाला. आवाज फाटलेला. "शपथ घालून विचारालोय सगळ्यांस्नी. तुझा हाय का न्हाई?"

खोटं बोलता आलं असतं. नवस मोडला म्हणून सांगून मान खाली घालता आली असती. मी तिसरंच केलं.

"मी न्हाई मोडला," मी म्हटलं. "घरमालकिणीनं जबरदस्तीनं चपला घालाय लावल्या. म्हातारीला काय कळतंय असल्यातलं."

तो शिव्या देऊ लागला. मला नव्हे, त्यांना. मी अडवलं नाही. मग तो थांबला आणि विचारलं, "कुणाच्यात राहालायस रं तू?"

ह्या प्रश्नाचा अर्थ कोल्हापुरात जो आहे तोच खामगावात आहे. कोण लोक, कुठल्या जातीचे, हेच तो विचारत होता. चार वर्षं मी गावाकडं ह्याचं उत्तर दिलं नव्हतं. आईलासुद्धा मिलची खोली म्हणून सांगितलेलं. आणि त्या घरात बसून, समोर त्यांनी केलेला शिरा असताना, मी म्हटलं,

"आपल्यातलीच हायत की."

फोन ठेवला. अंगणातला भांड्यांचा आवाज बंद झालेला. कधी बंद झाला, माहीत नाही. मावशी दारात उभ्या होत्या, हात ओले. मला वाटलं, आता म्हणतील, खोली खाली कर. मी मनात कपडे भरायलासुद्धा लागलो होतो. सकाळच्या गाडीनं जळंब जंक्शन, तिथून पुढं. उठून जाणं मला जमतं.

मावशींनी ताट उचललं. शिऱ्यावर झाकण ठेवलं. मग विचारलं, "त्या पोराचं काय झालं?"

"कुठल्या?"

"ज्याचा गोल वरतून गेला. त्याले कोनी घरी नेलं का? जेवू घातलं का कोनी?"

 मला ते सुचलंच नव्हतं. ग्रुपवर तेव्हा त्या पोराच्या आईचा उद्धार चालला होता, आणि त्यात दोन शब्द माझे होते.

मावशींनी खोली खाली करायला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मला स्वयंपाकघरात जेवायला हाक आली नाही. डबा खोलीच्या खिडकीत यायचा. भाजी तीच, भाकरी तितक्याच, वर ठेचा. पेपर वाचायला गेलो तर म्हणाल्या, "डोये दुखून राह्यले. राहू दे." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी माफी मागायला तीनदा गेलो आणि तीनदा "पाणी आलं का?" विचारून परत आलो.

चौथ्या दिवशी त्या पोराचा नंबर मिळवून फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. संध्याकाळी उचलला. घराबाहेर पडला नव्हता म्हणे.

"तुझ्यामुळं न्हाई हरलो," मी म्हटलं. "माझा नवस मोडला. चपला घातल्या मी, मॅचच्या आधी तासभर. कुणी घालाय लावल्या न्हाईत, माझ्या मी घातल्या. पाय जळत होते."

 तो हसला की रडला कळलं नाही. "दादा, तुमच्या चपलेनं बॉल वर गेला व्हय? माझा पाय चुकला की ओ."

"जेवलास का?"

"न्हाई अजून."

"जेव. आमच्या मावशी विचारत होत्या."

"कोण मावशी?"

तेव्हा सांगितलं. कोण, कुठल्या, कुठल्या घरात मी राहतो आणि कुणाच्या हातचं खातो. वाटत होतं, मीच पेनल्टी मारायला उभा आहे. तो म्हणाला, "बरं. तिकडं ऊन लई असतंय न्हवं?" एवढंच. ज्या गोष्टीला मी चार वर्षं घाबरलो ती त्याच्या गावीही नव्हती. पण ह्याच्यानं माझी लाज कमी झाली नाही, उलट वाढली.

मित्राला सांगायला मात्र डिसेंबर उजाडला. नवा हंगाम लागला, ग्रुपवर पुन्हा नवस सुरू झाले, आणि त्यानं विचारलं, "भावा, यंदा तू काय सोडणार?" मी ग्रुपवरच आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं. यंदा नवस नाही, चपला पायात राहतील, त्या मला मावशींनी दिल्यात, आणि गेल्या हंगामात मी त्यांच्याबद्दल तुझ्याशी खोटं बोललो. मावशींचं घर बौद्धांचं आहे, तेही सांगितलं. दोन निळ्या खुणा सगळ्यांच्या दिसल्या. उत्तर कुणाचंच नाही. त्या पोरानं तेवढा अंगठा दाखवला. मित्राचा फोन अजून आलेला नाही. येईल असं वाटतं. नाही आला तर काय करायचं, तेही रोज वाटतं.

त्याच दिवशी मावशींकडं गेलो. पाण्याचं विचारलं नाही. दारातच उभं राहून म्हटलं, "मावशी, तुम्ही माझे पाय धुतले आणि मी तुमचं घर लपवलं. आता गावाकडं सांगितलंय. माझं चुकलं."

त्या तूर निवडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही. "सांगाले आठ मयने घेतले," म्हणाल्या. मग दोन खडे काढून टाकत, "चष्म्याचा नंबर वाढला माह्या. पेपर आन उद्यापासून."

पेपर पुन्हा सुरू झाला. डबा मात्र अजून खिडकीतच येतो. मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क नाही माझा.

यंदा संघ नवा वाटतो. गोलकीपर बदललाय. तो पोरगा आता मधल्या फळीत मोकळा खेळतो, बॉल मागून घेतो, फटका चुकला तर मान खाली घालत नाही. साखळीतल्या एका सामन्यात त्यानं पेनल्टी मारायला स्वतः बॉल उचलला, तेव्हा मी डोळे मिटले होते. गेली आत. परवा रविवारी सेमीफायनल आहे. कप आला तर हवाच आहे. पण खरं सांगायचं तर ह्या वेळी मला त्या पोरानं पुन्हा शेवटच्या फटक्याला उभं राहिलेलं बघायचंय, आणि त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटलेली असावी, मग फटका कुठंही जाऊ दे.

काल पेपर वाचून झाल्यावर मावशींनी विचारलं, "रविवारी हाये म्हने तुमची मॅच."

"हो. चारला."

"थे पोरगं हाये का त्याच्यात?"

"आहे."

त्या चष्मा पुसत राहिल्या. 'तुमची' म्हणाल्या, 'आपली' नाही, हे मी ऐकलं होतं. मग म्हणाल्या, "इथंच बसून पाहाजो. पन आधी आयकून ठेव. हारले तरी ताट सरकवाचं नाई."